मदत हवी आहे: मराठी एचटीएमएल फायलींत अक्षरे बिघडली आहेत, आणि ‘शोधा-बदला’ अर्धेच शब्द पकडते

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाची जुनी पाने दुरुस्त करायला घेतली आहेत. स्थानिक लेखकांचे लेख, व्याख्यानांचे वृत्तांत असे साहित्य आहे. त्यातले बरेचसे दुसरीकडे कुठेच छापलेले नाही, म्हणून एक अक्षरही गमवायचे नाही. साधी एचटीएमएल पाने आहेत, पण वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या संगणकांवर बसून बदललेली. मी विंडोजवर नोटपॅड++ आणि व्हीएस कोड वापरतो.

काही फायलींत देवनागरीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मागे एक गोल चिन्ह, पुन्हा तोच ए, असे ओळीच्या ओळी दिसते. काहींत नुसती प्रश्नचिन्हे आहेत. यांतला मूळ मजकूर परत मिळतो का?

खरा छळ मात्र चांगल्या दिसणाऱ्या फायलींत आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द काही पानांवर सापडतो, काहींवर सापडत नाही. डोळ्यांना दोन्हीकडे अगदी सारखाच दिसतो. एका फायलीतून उचलून शोधपट्टीत चिकटवला की दुसरीतले सुटतात. ‘ॲड.’चेही तेच. मेटा टॅगमध्ये चारसेट (अक्षरे कोणत्या तक्त्याने वाचायची ते) यूटीएफ-८ आहे, तपासले. सगळ्या फायलींत एकदम बदल करण्याआधी जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

आधी सगळ्या फोल्डरची प्रत काढून ठेवा आणि प्रयोग प्रतीवरच करा.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘म’ म्हणजे हेक्साडेसिमल (सोळा आधाराच्या) अंकांत ई०, ए४, एई. एडिटरने हे बाइट विंडोज-१२५२ या जुन्या तक्त्याने वाचले की एका ‘म’ची तीन रोमन चिन्हे होतात. फाइल नुसती उघडली असेल, जतन केली नसेल, तर काहीच बिघडलेले नाही. नोटपॅड++ च्या एन्कोडिंग मेनूत ‘यूटीएफ-८’ निवडा. ‘कन्व्हर्ट टू’ने सुरू होणारे पर्याय इथे नकोत. पहिला पर्याय तेच बाइट नव्या तक्त्याने वाचतो, दुसरा बाइटच बदलतो. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर एन्कोडिंगचे नाव दिसते, त्यावर टिचकी मारून ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ घ्या.

त्या अवस्थेत कोणी जतन केली असेल तर उलटा प्रवास: आधी ‘कन्व्हर्ट टू एएनएसआय’, मग एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’. एएनएसआय म्हणजे विंडोजचा जुना तक्ता; तो १२५२ असेल तरच हे जमते. त्यानंतर ए, झ, पहिला उकार आणि हलन्त नीट पाहा. त्यांचे शेवटचे बाइट (८एफ, ९डी, ८१, ८डी) १२५२ मध्ये रिकाम्या जागा आहेत आणि काही साधने ते टाकून देतात. जोडाक्षरे सुटी झालेली दिसली तर कारण हेच.

प्रश्नचिन्हांच्या फायली एडिटरमधून परत येणार नाहीत. तिथे देवनागरी एएनएसआयमध्ये जतन झाली आहे, आणि त्या तक्त्यात देवनागरीला जागाच नाही. ‘मराठी’ची पाच प्रश्नचिन्हे उरतात आणि कुठले कशाचे हे फायलीत कुठेच नोंदलेले नसते. बॅकअप शोधा किंवा वेबॅक मशीनवर (जुनी वेबपाने जपून ठेवणारे संकेतस्थळ) त्या पानाची जुनी प्रत आहे का पाहा. विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये २०१९ पर्यंत जतन करण्याची मूळ निवड एएनएसआयच होती, त्यामुळे अशा फायली पुष्कळ ठिकाणी सापडतात.

प्रतिसाद २

‘शेतकऱ्यांना’बद्दल. हा अर्धा र लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी). युनिकोडची पसंती पहिलीला आहे, दुसरी जुन्या मजकुरासाठी चालू ठेवली आहे. नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे आपोआप एकसारखी करणे) केल्याने या दोन एक होत नाहीत, ते हातानेच करावे लागते.

शोधपट्टीत रेगेक्स (नमुना देऊन शोधण्याची सोय) चालू करून ‘र + हलन्त + जॉइनर’ शोधा आणि त्या जागी ‘ऱ + हलन्त’ घाला. पुढे य असो वा ह, कुऱ्हाड, गुऱ्हाळ सगळे सुधारतात. फक्त ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ अशा एखाद्या प्लगइनने सरसकट जॉइनर पुसू नका. तसे केले की अर्ध्या र चा रफार होतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होऊन बसतो. मग खरा दर्या कुठला हे प्रत्येक वाक्य वाचून ठरवावे लागते.

ॲ चे एकच चिन्ह (यू+०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या मजकुरात अ आणि वर ॅ अशी जोडी, नाहीतर ऍ असतो. तिन्ही शोधा. ऍ आपोआप बदलू नका, कोणी हिंदी उतारा दिलेला असेल तर तिथे तो मुळातलाच असेल.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. प्रतीवर करून पाहिले, शेतकरी सगळे सापडले! एकच उरले. एक फाइल एडिटरमध्ये स्वच्छ देवनागरी दिसते, ब्राउझरमध्ये मात्र तोच रोमन ए.

प्रतिसाद १

सर्व्हर पानासोबत जो कॉन्टेंट-टाइप हेडर पाठवतो त्यात दुसरा चारसेट असेल तर मेटा टॅगला कोणी विचारत नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये त्या पानाचा हेडर उघडून पाहा. तो ठीक असेल तर मेटा टॅग फायलीच्या पहिल्या १०२४ बाइटांत आहे का ते पाहा. वर लांबलचक टिप्पणी असली की तो खाली सरकतो.