लिफ्टमधली मस्करी, १२ तारखेची नोटीस आणि सहा ते सात

ओमची आई, बी-७०२: एक विचारायचं होतं. आज शाळेतून येताना लिफ्टमध्ये ओमला कोण म्हणालं, "तू जिन्याने जा रे, नाहीतर घंटा वाजेल"? तो नाव सांगत नाहीये. सात मजले दप्तरासकट चढून आला. डबा तसाच परत. या ऑक्टोबरच्या उकाड्यात पोरगा दोन आठवडे जॅकेट घालून फिरतोय, चेन गळ्यापर्यंत ओढून. का, ते मला आज कळलं.

काकू, सी-२०३: अगं बाई! मनाला नको लावून घेऊस. बाळसं आहे ते, उंची वाढली की आपोआप उतरेल.

ए-५०१: मस्करीत बोललं असेल कुणी. हल्ली कुणाला काही बोलायची सोय राहिली नाही.

ओमची आई: मस्करी बरोबरीच्यांशी करा. दहा वर्षांचा आहे तो.

सेक्रेटरी: सर्व सभासदांनी कृपया संयम राखावा. लिफ्टची घंटा सेन्सरच्या बिघाडामुळे वाजते. मेंटेनन्सवाल्याला कळवले आहे.

काका, ए-१०४: कंपाउंडमध्ये चेंडू खेळण्यास मनाई आहे. १२ तारखेची नोटीस पाहावी. काल पुन्हा माझ्या गाडीच्या आरशाला चेंडू लागला.

डी-३०२: काका, विषय काय चाललाय 😀

रियाचे बाबा: वहिनी, राग येणारच. पण एक सुचवतो, मुलांसाठी ऑनलाइन झुंबा असतो, तो लावून बघा.

ओमची आई: दादा, आम्ही लावलाय एक कार्यक्रम, मुलांच्या वजनासाठीचाच, पण ओमचा नाही, आमचा. दर मंगळवारी रात्री ९ ला व्हिडिओवर आठ घरं. एक आई डोंबिवलीची, एक बाबा नाशिकचे. मुलं समोर येतच नाहीत. पहिल्या दिवशी कार्यक्रम घेणाऱ्या ताईंनी बजावलं, आठवडाभर मुलाच्या ताटाबद्दल एक अक्षर काढायचं नाही, स्वतः जे जे खाल त्याचा फोटो काढायचा. मी काढले. आठवड्याच्या शेवटी बघितलं तर त्यात पाच फोटो शेवेचे. रात्री पावणेअकरा, ओट्याशी उभी राहून, पुड्यातूनच. ओम नेमका तेव्हा पाणी प्यायला उठायचा आणि मी त्याला सांगायचे, "झोप, आता काही खायचं नाही." पुडा माझ्या हातात. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ए-५०१: रेफरल कोड पण टाका म्हणजे झालं 🙏

ओमची आई: कोड नाही, कमिशन नाही. म्हणूनच नाव इथे टाकत नाहीये. ज्याला हवं त्याने मला वेगळा मेसेज करावा.

काकू, सी-२०३: ५०१, असं बोलू नये हो. लेकराचा विषय आहे.

डॉक्टर ताई, बी-६०४: ओपीडी आत्ता संपली, म्हणून उशिरा लिहितेय. काकू, रागावू नका, पण "उतरेल आपोआप" यावर विसंबू नका. मुलांचं वजन डोळ्यांनी ठरत नाही आणि मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजनाचा) आकडा जसाच्या तसा लावूनही नाही. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, आयएपीचे, २०१५ चे तक्ते आहेत. मुलाचे वेगळे, मुलीचे वेगळे, वयाप्रमाणे. मोठ्यांच्या बीएमआय २३ च्या बरोबरीची रेघ ओलांडली की वजन जास्त, २७ ची ओलांडली की लठ्ठपणा. आणि वाढत्या वयात पुष्कळदा वजन कमी करावं लागत नाही. ते आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली तरी खूप झालं.

काकू, सी-२०३: मग मी वेगळं काय म्हटलं?

डॉक्टर ताई: ते थांबण्यासाठी घरातल्यांच्या सवयी बदलाव्या लागतात, काकू. अमेरिकेत लेनर्ड एपस्टाइन या संशोधकांनी १९९० मध्ये लठ्ठ मुलांवरच्या उपचारांचा दहा वर्षांचा पाठपुरावा छापला. ज्या गटात आईवडील आणि मूल दोघांच्याही सवयी बदलण्यावर भर होता, त्यातली मुलं दहा वर्षांनीसुद्धा, नुसत्या हजेरीचं कौतुक झालेल्या गटापेक्षा वजनाच्या बाबतीत बरीच बरी होती.

रियाचे बाबा: पण हे ऑनलाइन जमतं का?

डॉक्टर ताई: दोन व्हिडिओ बघून नाही जमत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची २०२३ ची मार्गदर्शिका सांगते, ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास, अख्ख्या कुटुंबासकट आणि शक्यतो समोरासमोर. ऑनलाइनचा फायदा हा की रात्री आठला घरी पोचणारा बापही बसू शकतो. आधी मुलाला तपासून घ्या, रात्री घोरतो का तेही डॉक्टरांना सांगा. आणि कार्यक्रमवाले पावडरचा डबा विकायला लागले की तिथून उठा.

आजोबा, ए-२०१: आम्ही वडापाव खाऊन मोठे झालो. काही झालं नाही.

डी-३०२: आजोबा, तुम्ही लालबागहून मिलपर्यंत चालत जायचात ना? तुम्हीच सांगितलंत गणपतीत.

आजोबा: ते खरं. परत पण चालतच.

काका, ए-१०४: पुन्हा सांगतो. चेंडू खेळण्यास मनाई आहे. १२ तारखेची नोटीस.

सांस्कृतिक समिती: विषय निघालाच आहे तर, कोजागरीला मसाला दूध, समोसे आणि कोल्ड्रिंक ठरले आहे. माणशी १५० रुपये उद्यापर्यंत द्यावेत.

ए-५०१: आता कोजागरीलाही डाएट करा.

ओमची आई: मसाला दूध नको असं कोण म्हणतंय? बाटल्या तेवढ्या वगळा.

सांस्कृतिक समिती: ॲडव्हान्स दिलेला आहे. दरवर्षी आम्हीच राबायचं आणि दरवर्षी ऐनवेळी सूचना.

ओमचे बाबा: मी थोडं लिहितो. मंगळवारच्या कॉलवर पहिले दोनदा मी नुसता नावाला बसलो होतो, म्यूट करून मेल बघत. आता जेवताना आमचे दोघांचे फोन पोळ्यांच्या जुन्या डब्यात, झाकण लावून. जेवण झालं की तिघं ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेतल्या तळ्याला एक फेरी मारतो. पहिल्या दिवशी दम मला लागला, ओमला नाही. तो पुढे जाऊन माझ्यासाठी बाकावर थांबला होता. आणि आज हे. आज तो "मी येत नाही" म्हणाला. लोक बघतात म्हणे.

काकू, सी-२०३: अरेरे.

डॉक्टर ताई: डब्ल्यूएचओ ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. आपल्याकडे लिफ्टमध्ये बोलणी आणि कंपाउंडमध्ये नोटीस. मग मुलांनी ती ६० मिनिटं कुठे काढायची? सेक्रेटरी साहेब, उत्तर द्या.

सेक्रेटरी: विषय एजीएमला (वार्षिक सभेला) घेता येईल.

रियाचे बाबा: एजीएमला अजून वेळ आहे साहेब. तोवर संध्याकाळी ६ ते ७, रबरी चेंडू, आम्ही दोन-तीन बाप रोज खाली उभे राहतो. उभे कशाला, खेळतो.

डी-३०२: मी आहे. विकेटकीपर.

ओमचे बाबा: मी साडेसहापर्यंत पोचतो. बुधवारी घरूनच काम असतं.

सेक्रेटरी: ठीक आहे. एजीएमपर्यंत प्रायोगिक तत्त्वावर. काच फुटल्यास खर्च खेळणाऱ्यांचा.

काका, ए-१०४: लिफ्टमध्ये मी होतो. माझ्या मनात वाईट नव्हतं. आमच्या घरी मलाही लहानपणी असंच म्हणायचे, तेच तोंडातून गेलं. ओमला खाली पाठवा, मी त्याच्याशी बोलतो.

ओमची आई: आज नको काका. आज तो कुणाशीच बोलत नाहीये. उद्या खेळायला उतरला तर तुम्ही फक्त तिथे असा.

काका, ए-१०४: असेन. गाडी साडेपाचलाच गेटबाहेर लावतो, चेंडूची भीती नको. नोटीस मात्र कायम आहे.

ओमची आई: बाहेर नको, टोइंगवाले उचलतील. आमची मागच्या बाजूची ३१ नंबरची जागा ह्यांची गाडी येईपर्यंत रिकामीच असते. तिथे लावा.