मदत हवी आहे: खलनायकांच्या नावांचा अर्थ

मंडळी, कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सुपरहिरोपटांतल्या खलनायकांच्या नावांवर लेख लिहितेय आणि मध्येच अडलेय. मार्व्हलच्या चित्रपटांतला खलनायक थॅनोस, त्याच्या नावामागे ग्रीक पुराणातला मृत्युदेव थॅनॅटॉस आहे; २०१८च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर' या चित्रपटात थॅनोसच्या एका चुटकीसरशी अर्धी जीवसृष्टी धूळ होते, तेव्हा ते नाव अंगावर काटा आणतं. आपल्याकडे २०११चा 'रा.वन' नुसता म्हणून बघा, रावणच ऐकू येतो, आणि समोर नायक 'जी.वन', म्हणजे जीवन! 'क्रिश ३'मधला खलनायक 'काल' मला सगळ्यात आवडतो. वेळ आणि मृत्यू एकाच शब्दात.

खलनायकाचं नाव त्याच्या हेतूवरून पडतं, असं म्हणावं का? पण मग 'एक्स-मेन'मधला खलनायक मॅग्नेटोचं काय, तो तर चुंबकशक्तीवरून आलाय. भारतीय भाषांतली अशी आणखी नावं अर्थासकट सुचवाल का?