जेंटल जायंटचा 'जायंट फॉर अ डे' असा कसा झाला?

प्रश्न:
दोन महिने झाले, जेंटल जायंट या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचे अल्बम क्रमाने ऐकतोय. 'ऑक्टोपस' (१९७२) मधल्या 'नॉट्स' या गाण्याने तर वेडच लावलं, आवाज एकमेकांत असे गुंततात की एक कुठून शिरला ते कळेपर्यंत दुसरा निघूनही गेलेला असतो, आणि परवा १९७८ चा 'जायंट फॉर अ डे' लावला तर पहिल्या बाजूतच हिरमुसलो. माणसं जवळपास तीच, डेरेक आणि रे शुलमन, केरी मिनियर, गॅरी ग्रीन, जॉन वेदर्स. मग तीनच वर्षं आधी 'फ्री हँड'सारखा अल्बम करणाऱ्यांनी हे का केलं? की माझंच ऐकण्यात काही चुकतंय?

प्रतिसाद १:
नाही रे, तुझं काही चुकत नाहीये. तेव्हा इंग्लंडमध्ये पंकची, म्हणजे साध्या, आक्रमक रॉकची लाट होती, रेडिओवर वाजेल असं काहीतरी द्या हाच सगळीकडे सूर. 'द मिसिंग पीस' (१९७७) मध्ये निदान दुसऱ्या बाजूला तरी जुना जायंट भेटतो. मला जास्त लागतं ते हे, की शुलमन बंधू आधी सायमन डुप्री नावाने पॉपच करायचे, त्यांचं 'काइट्स' हे गाणं १९६७ ला ब्रिटनमध्ये पहिल्या दहात होतं, त्यालाच कंटाळून १९७० मध्ये हा बँड काढला आणि आठ वर्षांनी परत त्याच गल्लीत.

प्रतिसाद २:
पॉपला दोष देऊ नका हो. त्याच वर्षी, १९७८ ला, जेनेसिस या दुसऱ्या प्रोग बँडने 'फॉलो यू फॉलो मी' हे गाणं केलं आणि ते छानच आहे, कारण साधी चाल बांधणं त्यांच्या हातात होतं. जायंटचं सगळं बळ विणकामात. 'फ्री हँड'मधल्या 'ऑन रिफ्लेक्शन'मध्ये एक आवाज ओळ घेतो, मग दुसरा तीच ओळ मागून उचलतो, मग तिसरा, चौथा, आणि पहिला तोवर भलतीकडेच पोचलेला. ती वीण उसवल्यावर हातात उरतो नुसता धागा.

प्रतिसाद ३:
पटलं, पण 'जायंट फॉर अ डे'मधल्या 'फ्रेंड्स'ला हात लावू नका. ते ड्रमर वेदर्स गातो, साधा आवाज, साधी गिटार, आणि मनापासून गातो. माझ्याकडे या अल्बमची जुनी एलपी आहे, कव्हरवर कापून तोंडाला लावायचा राक्षसाचा मुखवटा, आधीच्या मालकाने कात्री लावलेली नाही, म्हणून फार जपतो.

प्रश्नकर्ता:
'फ्रेंड्स' आत्ता परत ऐकलं, दादा, खरंय तुमचं. बाकीच्याला परत हात लावणार नाही. आता शेवटचा 'सिव्हिलियन' (१९८०) राहिलाय, तो आज रात्री.