भीती वाटली तेव्हा तुम्ही काय केलंत?

माझा तपासणीचा रिपोर्ट परवा येणार आहे. 'भिऊ नकोस, विश्वास ठेव' असं जो तो सांगतोय, आणि ते ऐकून मला उलट अपराधी वाटायला लागलंय. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूसुद्धा व्याकूळ झाला होता, तिघा शिष्यांना 'माझ्याबरोबर जागे राहा' म्हणाला होता (ते झोपले, ही गोष्ट वेगळी). म्हणून विचारते. त्या घटकेला तुम्ही नेमकं काय केलंत? चमत्कारच झालेला असला पाहिजे असं नाही.

•

ऑपरेशनला नेत होते. स्ट्रेचरवर पडून छतावरचे दिवे मोजत होते. बायबलमधलं २३वं स्तोत्र संडे स्कूलपासून तोंडपाठ, पण 'हिरव्यागार कुरणांत' याच्या पुढे गाडी सरकेचना. दात वाजत होते. मग पहिलीच ओळ घोकत राहिले, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काही म्हणालात का? मी म्हटलं, पुढचं विसरले. ते हसले आणि माझा हात धरून उभे राहिले. भीती गेली का? नाही. पण हात धरलेला होता.

•

नोकरी गेली तेव्हा बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचला. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणत झोपतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, भाकर आणि पाणी देतो. तो खातो आणि परत झोपतो! मीही जेवलो, झोपलो. अर्ज दुसऱ्या दिवशी लिहिला.

•

हे गेले त्यानंतर रात्री घरात एकटीला फार भीती वाटायची. चर्चच्या मंडळीतल्या एकीने 'तुमचा विश्वास कमी पडला' असं तोंडावर सांगितलं. ते वाक्य अजून टोचतं. पाळकसाहेब आले, काही समजावलं नाही, ८८वं स्तोत्र वाचलं आणि गप्प बसले. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेड येतच नाही. असलंही प्रार्थनेत चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. दिवा मात्र अजूनही चालू ठेवूनच झोपते.

•

खोट्या बिलावर सही करायला सांगितलं होतं. पेन हातात थरथरत होतं. पाण्यात बुडताना येशूचा शिष्य पेत्र लांबलचक प्रार्थना करत बसला नाही, 'प्रभूजी, मला वाचवा' एवढंच ओरडला. मीही मनात तेवढंच म्हटलं आणि पेन खाली ठेवलं. बदली झाली. साहेबांचा फोन आला की अजून पोटात गोळा येतो.

•

मला पॅनिक अटॅक येतात. गोळी घेते, प्रार्थनाही करते. दोन्ही.

•

धागा मीच काढला होता. रिपोर्ट उद्या सकाळी आहे. रात्रीचा एक वाजलाय, झोप नाही. भाकर खाल्ली, पाणी प्यायले. पेत्राचे तीन शब्द चालू आहेत. कोणी जागं आहे का?