जुन्या आऊटबोर्डचा सेल्फ नुसता ‘टक्’ करतो, बॅटरी नवीन आहे

देवबागचा होडीवाला
मंडळी, मदत हवी आहे. आमचं ४० एचपीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बसवायचं इंजिन) आहे, चावीवर चालू होणारं. सेकंडहँड घेतलेलं, बरंच जुनं. कर्ली खाडीतून संगमापर्यंत पर्यटकांना फिरवतो. पावसाळाभर ते शेडमध्ये उतरवून ठेवलं होतं. नारळी पौर्णिमेनंतर बसवलं तेव्हापासून सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) त्रास देतोय. सकाळी फिरतो, पण जड. गरम झाल्यावर बंद करून परत चावी मारली की नुसता टक्. पुन्हा पुन्हा मारली की कधीतरी उचलतो.

बॅटरी नवीन, मीटरवर १२.६ व्होल्ट. गॅरेजवाला म्हणतो सेल्फच बदला. जेटीवर एकजण म्हणतो, सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) दोन बोल्टांवर पान्हा टेकव, चालू होईल. पण होडीत बायका-पोरं असतात, आणि ओहोटीला संगमावर पाणी समुद्राकडे ओढतं. तिथे मशीन उचललं नाही तर काय, या विचाराने झोप लागत नाही. नक्की कुठून बघायला सुरुवात करू?

मिरकरवाडा मिस्त्री
दादा, सेल्फला एवढ्यात हात लावू नका. टक् आवाज येतो म्हणजे चावी, फ्यूज आणि न्यूट्रल स्विच (गिअरमध्ये असताना सेल्फ फिरू न देणारा) काम करताहेत, सोलेनॉइड ओढतोय. करंट पुढे कुठेतरी अडतोय.

किलस्विचची (मशीन झटकन बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढून ठेवा. बहुतेक जुन्या मशीनवर मग स्पार्क मिळत नाही, पण सेल्फ फिरतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर. कोणालातरी चावी मारायला सांगा आणि चावी दाबलेली असतानाच वाचा:

आधी बॅटरीच्या दोन टोकांवर. साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी नवीन असली तरी कमजोर. १२ च्या आसपासच राहिलं तर बॅटरीतून करंट निघतच नाहीये. मग बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. आणि शेवटी, जे कोणी बघत नाही ते: बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या ब्लॉकपर्यंत. या दोन्ही ठिकाणी अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे.

मीटरवर जोड तपासायचा नुसता बीप वाजवून वायर चांगली म्हणू नका. एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. सेल्फला शंभर अँपिअर लागतात, आणि ०.०३ ओहमचा गंजसुद्धा तिथे ३ व्होल्ट खातो. खाऱ्या हवेत थिंबलच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत हेच होतं.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये थंड होऊ द्या, नाहीतर सेल्फच्या आतलं आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) जळेल.

मांडवीकाठ
पान्हा अजिबात टेकवू नका! कव्हरखाली पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगी मोठी उडते. शिवाय असं केलं की न्यूट्रल स्विच बाजूला पडतो. गिअरमध्ये असेल तर मशीन चालू होताच होडी उडी मारणार, पाण्यात कोणी असेल तर संपलंच.

आणि दोरी कायम होडीत ठेवा. फ्लायव्हीलवर (कव्हरखालच्या जड चाकावर) खाच असते, तिथे गाठ अडकवून गुंडाळायची आणि न्यूट्रलमध्ये ओढायची. किनाऱ्यावर एकदा करून बघा. मशीन चालू असताना बॅटरी मात्र सोडवू नका, रेक्टिफायर (मशीनमधून बॅटरी चार्ज करणारा भाग) जातो.

देवबागचा होडीवाला
मिस्त्री, सापडलं! चावी दाबल्यावर बॅटरी १२.१, प्लसच्या बाजूला ०.३, आणि मायनस ते ब्लॉक ३.४. अर्थिंगची (मायनसची) केबल वरून अगदी ठीक दिसत होती. ब्लॉककडच्या थिंबलजवळचं रबर ब्लेडने कापलं तर आत तांबं उरलेलंच नव्हतं, हिरवी पूड नुसती. बोटाने चोळली तर झडून पडली.

आता तीच जाडीची केबल टाकतोय. अजून काही?

मिरकरवाडा मिस्त्री
टिन केलेल्या तांब्याची केबल मिळाली तर तीच घ्या. थिंबल नीट क्रिम्प करा, वर गोंदवाली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी). ब्लॉकवरचा रंग आणि गंज पांढरा धातू दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, मग वरून ग्रीस. आधी ग्रीस नको. प्लसची केबलही त्याच वयाची आहे, आज ०.३ दाखवते म्हणून सोडू नका. बेंडिक्सला (फ्लायव्हीलमध्ये जाऊन अडकणाऱ्या सेल्फच्या गिअरला) मात्र ग्रीस लावू नका, धूळ धरते आणि गिअर अडकतो. पातळ तेलाचा एक थेंब पुरे. नवी केबल टाकूनही फिरणं जडच राहिलं तर सेल्फ उघडून कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) बघा, घासून आखूड झाले असतील. पूर्ण सेल्फच्या मानाने कार्बन फार स्वस्तात येतात.