घरचा आहेर : आपल्याच खेळाडूची हुर्यो उडवावी का?

मार्च २००६ मध्ये वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर २१ चेंडू खेळून अवघी १ धाव काढून बाद झाला आणि तंबूत परतताना प्रेक्षकांतल्या एका गटाने त्याची हुर्यो उडवली. मैदान त्याच्या घरचे, प्रेक्षकही घरचेच. त्या दिवशी दूरचित्रवाणीसमोर बसून मी त्या प्रेक्षकांना कृतघ्न ठरवून मोकळा झालो होतो. पुढे काही आठवड्यांनी आमच्या कार्यालयाच्या संघातल्या एका सहकाऱ्याने सोपा झेल सोडला, तेव्हा सीमारेषेबाहेरून "हाताला भोकं पडलीत का रे?" असे ओरडणारा मीच होतो. त्याने त्या दिवशी दुसरा झेल सोडला नाही, याचे कारण एवढेच की त्याने कर्णधाराला विनंती करून जिथे चेंडू सहसा जात नाही अशी जागा मागून घेतली. हे मला कर्णधाराकडून नंतर कळले.

विरोधी संघाला चिडवणे हा वेगळा विषय आहे. या चर्चेच्या धाग्यावर फक्त घरच्या आहेराविषयी, म्हणजे आपल्याच खेळाडूंवर ओरडण्याविषयी लिहावे. आपण स्वतः ओरडला असाल, कुणाचे ओरडणे ऐकून घेतले असेल किंवा शेजारी बसून गप्प राहिला असाल, तर नेमके काय घडले ते सांगावे. "खेळाडूंना कोट्यवधी रुपये मिळतात, मग चार शब्द ऐकायला काय जाते?" हे वाक्य आपणा सर्वांना पाठ आहे, तेव्हा ते नव्याने लिहिण्याचे कष्ट कुणी घेऊ नयेत.

मुंबई इंडियन्सचा जुना पाठीराखा

१ एप्रिल २०२४ रोजी आयपीएलच्या सामन्यात वानखेडेवर हुर्यो उडवणाऱ्यांत मी होतो, हे आधीच सांगून टाकतो. रोहित शर्माकडून कर्णधारपद काढून हार्दिक पंड्याकडे दिले गेले होते आणि तो राग आम्ही महिनोन्‌महिने जपून ठेवला होता. निर्णय संघव्यवस्थापनाचा होता. पण व्यवस्थापन नाणेफेकीला येत नाही, कर्णधार येतो. संजय मांजरेकर यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना नीट वागण्याची सूचना केली, ती आम्ही ऐकली आणि सोडून दिली.

त्यानंतर जे झाले ते मात्र मला अजून नीट उलगडलेले नाही. रोहित पहिल्याच चेंडूवर बाद झाला, ४ बाद २० अशी अवस्था झाली आणि खेळायला आला तो हार्दिकच. त्याने २१ चेंडूंत ३४ धावा केल्या; आमच्या डावातल्या त्याच सर्वाधिक होत्या. त्याचा चेंडू सीमेपार गेला की माझे हात टाळ्या वाजवत होते आणि पुढच्या षटकाआधी पडद्यावर त्याचा चेहरा दिसला की तोंडातून पुन्हा तोच आवाज निघत होता. संघ जिंकावा असेही वाटत होते आणि तो चुकावा असेही. सामना आम्ही हरलो, आणि त्या हंगामात संघ दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला. आमच्या ओरडण्यामुळे तसे झाले असे मी म्हणणार नाही, पण निदान आमच्या ओरडण्याने काही सुधारले नाही, एवढे तर दिसलेच.

२९ जून रोजी ब्रिजटाऊनला टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक त्याच हार्दिकने टाकले. दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि आपण ७ धावांनी जिंकलो. ४ जुलैला वानखेडेवर सत्कार झाला, तेव्हा सारे मैदान "हार्दिक, हार्दिक" म्हणत होते. मीही म्हणत होतो. लोक त्याला प्रेक्षकांची क्षमायाचना म्हणतात. मला तसे म्हणवत नाही, कारण ते षटक जर बिघडले असते, तर आम्ही एप्रिलमधला आवाज तसाच पुढे चालू ठेवला असता, हे मला माझ्यापुरते पक्के ठाऊक आहे.

माजी गोलरक्षक, महिला फुटबॉल

मैदानावर प्रेक्षकांच्या सर्वांत जवळ उभी असते ती गोलरक्षक. चेंडू पलीकडच्या टोकाला असतो, तेव्हा दहा-दहा मिनिटे करण्यासारखे काही नसते आणि जाळ्यामागचे प्रत्येक वाक्य शब्दन्‌शब्द ऐकू येते. विरोधी पाठीराखे पाठीमागे असले की त्याची मला मौज वाटत असे. एकदा तर मी वळून त्यांना लवून अभिवादनही केले होते. त्यांच्याकडून अपेक्षाच नसते, त्यामुळे ते बोलणे अंगाला लागत नाही.

माझ्या चौथ्या हंगामात बचावपटूने मागे दिलेला एक साधा चेंडू माझ्या पायाखालून निसटला आणि गोल झाला. जाळ्यामागून आवाज आला, "हिला बाहेर काढा, हिच्यापेक्षा खांब बरा." आवाज ओळखीचा होता. पहाटेच्या सरावाला जाण्यासाठी मला वाहन मिळत नसे, तेव्हा ज्या गृहस्थांनी वर्षभर मला आपल्या गाडीतून मैदानावर सोडले होते, त्यांचा तो आवाज होता. मी वळून पाहिले नाही. पाहिले असते तर त्यांनाच अधिक अवघड झाले असते, असे तेव्हाही वाटले.

त्यानंतर काय झाले ते सांगते, कारण पाठीराख्यांना ते बाहेरून दिसत नाही. बाजूने उंच चेंडू आला की गोलरक्षकाने पुढे जाऊन तो हवेतच पकडायचा असतो. जावे की थांबावे याचा निर्णय शरीर अर्ध्या क्षणात आपसूक घेते, त्यासाठीच तर वर्षानुवर्षे सराव केलेला असतो. त्या गोलानंतर तो निर्णय मी डोक्याने घेऊ लागले. डोक्याला वेळ लागतो. मग मी रेषा सोडीचना, आणि पकडता येण्याजोगे चेंडूही मुठीने बाहेर ढकलू लागले. बाहेरून हे "घाबरली" असे दिसते, आणि त्यावर आणखी ओरड होते. भीती चेंडूची नव्हती, मागच्या आवाजाची होती. प्रशिक्षकांनी मला दोन सामने बाहेर बसवले, ते योग्यच होते. त्यांनी माझी चूक खोलीत, फळ्यावर रेघा मारून समजावली आणि ती शिक्षा मला कधी बोचली नाही.

ते गृहस्थ पुढच्या पहाटे नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आले. आम्ही दोघेही त्या विषयावर काही बोललो नाही. गाडीतला आकाशवाणी संच मात्र त्यांनी नेहमीपेक्षा मोठ्याने लावला होता.

हुर्यो उडवण्याच्या बाजूने

वरचे दोन्ही अनुभव प्रामाणिक आहेत, तरी मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण येथे ती कुणी मांडेल असे दिसत नाही.

टाळ्या वाजवण्याचा अधिकार मला आहे, तर नापसंती कळवण्याचाही असलाच पाहिजे. नाहीतर माझ्या टाळ्यांना किंमत राहत नाही. रेआल माद्रिद या स्पॅनिश फुटबॉल क्लबच्या बर्नाबेउ मैदानावर आपल्याच खेळाडूंना शिट्ट्या वाजवून नापसंती दाखवण्याची रीत जुनी आहे, आणि त्यातून क्रिस्तियानो रोनाल्डोही सुटला नाही. रोष फार वाढला की तेथील प्रेक्षक पांढरे रुमाल हलवतात, आणि ते बहुधा सन्मानकक्षात बसलेल्या अध्यक्षांच्या दिशेने असतात. मला ही पद्धत सभ्य वाटते, कारण तीत कुणाच्या आईबहिणीचा उल्लेख नसतो आणि अर्थ मात्र सर्वांना कळतो.

मी ज्या क्लबचा वार्षिक सदस्य आहे, त्या संघाने एका हंगामात सलग काही सामने अक्षरशः चालत चालत गमावले. हरणे मला चालते. चेंडू गमावल्यावर कमरेवर हात ठेवून उभे राहणे चालत नाही. शेवटच्या शिट्टीनंतर आम्ही सारे उभे राहिलो आणि खेळाडू आत जाईपर्यंत हुर्यो उडवली. खेळ चालू असताना एक शब्द काढला नव्हता. पुढच्या सामन्यात संघ धावला. आमच्यामुळे की प्रशिक्षकांनी कान उपटल्यामुळे, ते मी सांगू शकत नाही. परंतु आम्ही गप्प बसून घरी गेलो असतो, तर संघाला "लोकांना चालते आहे" असाच निरोप गेला असता.

चढाईपटू, कबड्डी

फुटबॉलमध्ये गोलरक्षक जवळ असेल. कबड्डीत प्रेक्षक अंतिम रेषेला खेटून बसलेले असतात आणि चढाई असते ३० सेकंदांची. त्यात दम टिकवायचा, पाय कुणाच्या हाताला लागू द्यायचा नाही आणि बोनस रेषेकडे डोळा ठेवायचा. अशा वेळी मागून आपल्याच माणसांचे "अरे, हात लाव की, नाचतोस काय" असे आले, की माणूस हमखास एक पाऊल जास्त आत टाकतो. माझ्या आयुष्यातल्या निदान दोन पकडी मी अशा फुकट दिल्या आहेत. तेथे ओरडणाऱ्याला वाटते की तो मला धीर देत आहे. टोमणा आणि प्रोत्साहन यांतला फरक ओरडणाऱ्याच्या मनात असतो, खेळणाऱ्याच्या कानात नसतो.

एक गोष्ट उलटही सांगतो. आळस केल्याबद्दल मला एका वृद्ध पाठीराख्याने सामना संपल्यावर, बूट काढत असताना, शेजारी बसून फार कडक शब्दांत सुनावले होते. ते मी ऐकले आणि मानलेही.

आर्सेनलचा पाठीराखा

हुर्योच्या बाजूने लिहिणाऱ्या सदस्यांचा मुद्दा मला पटला असता, जर हुर्यो त्यांच्याकडे मैदानावरच थांबली तशी सगळीकडे थांबत असती. २७ ऑक्टोबर २०१९ रोजी क्रिस्टल पॅलेस या फुटबॉल संघाविरुद्ध लंडनमधल्या आमच्या मैदानावर आमचा कर्णधार ग्रानिट झाका याला बदलून बाहेर घेतले, तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी आधी तो बाहेर जातोय म्हणून जल्लोष केला आणि मग हुर्यो. त्याने कानामागे हात धरून "आणखी मोठ्याने" अशी खूण केली, अंगातला सदरा काढला आणि तो थेट आत निघून गेला. मी तेव्हा त्याच्यावर फार चिडलो होतो. कर्णधाराने असे वागावे का, यावर मित्रांशी तासभर वाद घातला. काही दिवसांनी त्याचे निवेदन आले, त्यात त्याच्या पत्नीबद्दल आणि लहान मुलीबद्दल लोकांनी काय काय लिहिले होते ते होते. वाद घालताना यातले मला काहीच माहीत नव्हते. कर्णधारपद त्याच्याकडून गेले. तो मात्र राहिला, आणि मे २०२३ मध्ये त्याच मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात त्याने दोन गोल केले, तेव्हा सारे मैदान त्याच्या नावाने गात होते.

बेसबॉल पाहणारा

थोडक्यात लिहितो. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक आपल्याच खेळाडूंची हुर्यो उडवण्यासाठी अमेरिकेत प्रसिद्ध आहेत. २०२३ मध्ये ३० कोटी डॉलरच्या करारावर आलेल्या ट्रे टर्नरची फलंदाजी पार ढेपाळली होती. ४ ऑगस्टला तो फलंदाजीला आला, तेव्हा त्याच प्रेक्षकांनी ठरवून उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो हंगाम संपेपर्यंत उत्तम खेळला आणि त्याने शहरात फलक लावून प्रेक्षकांचे आभार मानले. एका उदाहरणावरून नियम काढू नये हे खरे. उतरता खेळ कधीतरी वर येतोच. पण मी तेव्हापासून माझ्या संघाबाबतीत हा प्रयोग करून पाहतो आहे आणि माझ्या घशाला तरी आराम आहे.

नाव न सांगता

सप्टेंबर २०२२ मध्ये आशिया चषकात अर्शदीप सिंगच्या हातून पाकिस्तानविरुद्ध झेल सुटला, तेव्हा मी मोबाइलवर एक वाक्य लिहिले होते. शेवटच्या षटकात केवळ ७ धावा हाताशी असताना त्याने सामना पाचव्या चेंडूपर्यंत नेला, ते पाहून मी ते पुसले. तोपर्यंत चाळीस-पन्नास जणांनी ते पसंत केले होते. मैदानात ओरडलेला शब्द निदान हवेत विरतो.

धागाकर्ता

शेवटच्या अनुभवामुळे मला थांबावेसे वाटले, कारण मैदानावरच्या हुर्योला तिकीट लागते, घसा लागतो आणि शेजाऱ्याला आपला चेहरा दिसतो. मोबाइलला यांतले काहीच लागत नाही. माझे मत वाचता वाचता थोडे सरकले आहे: सामना संपल्यावर संघाला सामूहिक नापसंती कळवण्यास माझी हरकत राहिलेली नाही. खेळ चालू असताना एकाच खेळाडूला लक्ष्य करणे मात्र मला पूर्वीपेक्षाही अधिक खटकते. आणखी एक अनुभव येथे जोडतो, तो मला निरोपातून आला.

एक वडील

माझी मुलगी बारा वर्षांखालील संघात हॉकी खेळते. मी तिच्याच संघाच्या मागे उभा राहून सतत ओरडत असे: "डावीकडे बघ", "चेंडू सोड", "किती वेळा सांगितले?" शेवटचे वाक्य सर्वांत जास्त. इतर पालकही तेच करीत, त्यामुळे त्यात काही वावगे आहे असे कधी वाटले नाही. एकदा घरी आल्यावर तिने पाण्याची बाटली धुता धुता विचारले, "बाबा, पुढच्या सामन्याला तुम्ही समोरच्या संघाच्या बाजूला उभे राहाल का?" मी विचारले, का? ती म्हणाली, "तिकडचे बाबा मला ओरडतात ते मला कळत नाही. तुमचे कळते."

पुढच्या सामन्याला मी पलीकडे, अनोळखी पालकांत उभा राहिलो. तेथून ओरडून उपयोग नसतो, आवाज पोहोचत नाही. दुसऱ्या सत्रात तिच्याकडून चेंडू निसटला आणि समोरच्यांनी गोल केला. माझ्या आजूबाजूच्या सगळ्यांनी उड्या मारल्या आणि एकाने आनंदाने माझ्याही पाठीवर थाप दिली. तिने लांबून माझ्याकडे पाहिले. मी हात वर केला. तिने काठी उचलून दाखवली आणि ती आपल्या जागेवर गेली.