मामांच्या अल्बममधली आर्मेनियाची तिकिटं: अस्सल, रिप्रिंट की बनावट?

नाशिकची भाची

नमस्कार. माझे मामा गेल्या वर्षी गेले. त्यांचे अकरा अल्बम माझ्याकडे आलेत. सगळा संग्रह परदेशी पत्रमित्रांशी अदलाबदल करून जमवलेला. भारत, सिलोन, ब्रह्मदेश मला थोडंफार कळतं, पण आर्मेनियाच्या दोन पानांवर अडले आहे. पहिल्या पानावर अरारात पर्वत, गरुड आणि सूत कातणारी बाई. दुसऱ्यावर हजारो रुबल किमतीची दहा तिकिटं, बहुतेक दोन रंगांत. त्यातल्या तिघांवर पोस्टाचा शिक्का, बाकीची कोरी. शिवाय एका पाकिटात रशियाची जुनी तिकिटं आहेत, त्यांवर इंग्रजी झेडसारखा काळा ठसा. दोन्ही पानांवर मामांनी पेन्सिलीने 'जारी झाली नाहीत' एवढंच लिहून ठेवलंय. विकायचं काहीच नाही. फक्त त्यांच्या पानावर माझ्या हातून खोटं काही लिहिलं जायला नको. कुठून सुरुवात करू?

टपालवेडा

परफोरेशन गेज, म्हणजे तिकिटाच्या कडेचे दात मोजायची पट्टी, लावा. दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा दात आले की अस्सल. सोपं आहे.

जुनं स्टॉकबुक, कोल्हापूर

एवढं सोपं नाही हो. इस्तंबूलला छापलेल्या तिकिटांचे दात साडेअकराचे असतात हे बरोबर, पण ते माप नकली माल काढणाऱ्यालाही जुळवता येतं. शिवाय ही तिकिटं बिनदातीही छापली होती, त्यांना गेज कुठे लावणार? माप चुकलं तर तिकीट बाजूला ठेवा. जुळलं तर तपासणी आत्ता सुरू झाली असं समजा.

ताई, मामांची पेन्सिल खरं बोलते आहे. अरारात आणि गरुडाचा संच आर्मेनियाच्या पहिल्या प्रजासत्ताकाने 1920 मध्ये पॅरिसला शासपो छापखान्यात छापून घेतला. तो टपाल कचेरीच्या खिडकीवर पोचण्याआधीच, डिसेंबर 1920 मध्ये, येरेवानला सोव्हिएत सत्ता आली. ज्या सरकारसाठी तिकिटं छापली ते सरकारच राहिलं नाही. पुढे याच संचाची रिप्रिंट भरपूर निघाली, आणि आज बाजारात दिसतात त्यात तीच जास्त. रिप्रिंट म्हणजे मूळ ठशांवरून मागाहून छापलेलं. बनावट म्हणजे चित्र नव्याने काढून छापलेलं. हा फरक पानावर नीट लिहिलाच पाहिजे. दोन्हींना एकाच शब्दात 'नकली' म्हणणारे लोक मला अजिबात पटत नाहीत.

दुसरं पान इस्तंबूलच्या येसायान छापखान्याचं, 1922 चा दुसरा संच. तोवर रुबल इतका घसरला होता की छापलेल्या किमती कामाच्याच राहिल्या नाहीत. म्हणून सोन्याच्या कोपेकमधली (कोपेक म्हणजे रुबलचा शंभरावा भाग) नवी किंमत हाताने ठसा मारून, काहींवर तर पेनाने लिहून, ही तिकिटं विकली गेली. या वरून घातलेल्या किमतीला सरचार्ज म्हणतात. सरचार्जशिवाय ती टपालात आलीच नाहीत. आता तुमची ती तीन तिकिटं पाहा: सरचार्ज नाही, पण पोस्टाचा शिक्का आहे. पत्रावर लागून असं होणं शक्य नाही. कोणीतरी संग्राहकांसाठी मारलेला किंवा सरळसरळ खोटा शिक्का आहे तो.

एका गोष्टीचा आपल्याकडच्या माणसाला आनंद व्हावा. येसायानच्या तिकिटांची चित्रं सार्किस खाचातुरियान या चित्रकाराची. हाच माणूस पुढे भारतात आला आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत बसला. अजिंठ्याला गेलो की मला दर वेळी त्याची आठवण होते.

आता मला हे सांगा: एकाच किमतीची दोन तिकिटं आहेत का? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दिवसाउजेडी खिडकीपाशी बसा, ट्यूबलाइटखाली रंग फसवतात. आणि पाण्यात काहीही घालू नका.

नाशिकची भाची

काका, खूप आभार. काल दुपारभर बसले होते.

अरारातची एकाच किमतीची दोन आहेत. एकीवर डोंगराच्या उतारावरची सावली बारीक रेघांची, रेघ न् रेघ मोजता येते. दुसरीवर त्याच रेघा शाईने भरून एकजीव झाल्यात, रंगही थोडा मळकट. म्हणजे पहिली अस्सल ना?

आणि झेडवाल्यांपैकी एकावर गोल शिक्का आहे. मुलाने फोनवर अक्षरं जुळवून वाचलं: ओडेसा, साल 11.

खिडकी क्रमांक चार

दुकानातल्या नोटा तपासायच्या मशीनखाली धरून बघा. कागद निळसर पांढरा चमकला तर तो 1920 च्या काळचा नाही. तसली चमक आणणारी रसायनं कागदात साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर आली.

जुनं स्टॉकबुक, कोल्हापूर

मशीनचा सल्ला चांगला आहे, ताई, जरूर करा. मात्र चमकलं नाही म्हणून तिकीट अस्सल ठरत नाही. आर्मेनियाची बरीचशी लबाडी 1920 च्या दशकातच झालेली आहे. कागद त्याच काळचा, शाई त्याच काळची.

अरारातची मळकट प्रत झिजलेल्या ठशावरून मागाहून छापलेली असावी. पण तेवढ्यावर दुसरीला अस्सल म्हणू नका. रिप्रिंटच्या सुरुवातीच्या प्रतीही स्वच्छच निघणार. ती अजून 'न ठरलेली' आहे.

येसायानच्या संचाला मात्र एक खात्रीचा रस्ता आहे. सरचार्ज असलेलं, खऱ्या पत्रावर लागलेलं, तज्ज्ञांनी प्रमाणित केलेलं तिकीट शोधा. विकत घेऊ नका, चांगलं स्कॅन पुरे. सरचार्जच्या खालचं छापकाम तर टपाल खात्याच्याच साठ्यातलं असणार. तुमचं कोरं तिकीट त्याच्या शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर, चौकटीचा कोपरा न् कोपरा ताडून पाहा. छपाई लिथोची, म्हणजे सपाट दगडावरून केलेली आहे, त्यामुळे मागे दाबाचा उठाव सापडणार नाही, रेघांकडेच बघायचं. नुसतं सुटं, सरचार्ज मारलेलं तिकीट तुलनेला घेऊ नका. रिप्रिंटवर खोटा सरचार्ज मारलेलाही असतो.

आता ओडेसा. तो झेड म्हणजे झेड नव्हे. 'हायकाकान पोस्ट', म्हणजे आर्मेनियाचं टपाल, यातली ह आणि प ही आर्मेनियन अक्षरं एकात एक गुंफलीत. हे ठसे 1919-20 चे. तुमचं तिकीट 1911 मध्येच ओडेसात वापरून झालंय. तिकीट खरं, शिक्का खरा, ठसा खोटा. खालचं रशियन तिकीट त्या काळी कवडीमोल होतं, म्हणून फसवणाऱ्यांनी तेच वापरलं. ते डोळ्यांसमोर तिरकं धरा, कागदावर वार्निशचे उभे शंकरपाळे चमकतील. तो अस्सल रशियन तिकिटाचा गुण आहे, ठशाचा नाही. त्यावरून फसलेले मी पाहिलेत, त्यात एके काळी मीही होतो. बाकीच्या झेडवाल्यांवर शिक्का असेल तर ठसा शिक्क्याच्या खाली आहे की वर, ते भिंगातून पाहा. वर असेल तर ते ओडेसाच्या शेजारी ठेवा.

नाशिकची भाची

मशीनखाली धरली. सूत कातणाऱ्या बाईची दोन तिकिटं लख्ख चमकली, बाकी सगळी काळोखी. झेडवाल्यांपैकी आणखी एकावर ठसा शिक्क्याच्या वर आहे. मामांना हे ठाऊक असेल का, असं सारखं वाटतंय.

जुनं स्टॉकबुक, कोल्हापूर

चमकलेली दोन नव्या कागदावरची आहेत, त्यात शंका नाही. त्यांच्याखाली 'नंतरच्या काळातली छपाई' लिहा. ओडेसावाल्याखाली आणि या नव्याखाली 'खोटा ठसा, अस्सल रशियन तिकीट'. मळकट अरारातखाली 'बहुधा रिप्रिंट', आणि स्वच्छ अरारातखाली जागा कोरी ठेवा. सगळं पेन्सिलीनेच लिहा, मामांच्या ओळीखाली, आणि त्यांची ओळ खोडू नका. येसायानच्या दहाही तिकिटांचे पुढून-मागून स्कॅन इथे टाका. माझ्याकडे त्यातल्या चार किमतींचे सरचार्जवाले पत्रावरचे स्कॅन आहेत, रविवारी बसून ताडून पाहतो.